टीपकागदावरचे सहा ठिपके

उन्हाळा तापला की आमच्या परभणीकडे माणसांचे घोळणे फुटतात. शेतात वखर हाकता हाकता नाकातून धार लागते. मग माणूस सावलीला बसतो, कुणी डोक्यावर पाणी ओततं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं. दहा मिनिटांत रक्त थांबतं आणि माणूस पुन्हा वखरामागे जातो. बहुतेकांचं असंच असतं. ज्यांचं थांबत नसे ते आमच्याकडे येत.

आमच्याकडे म्हणजे निजामी अमलातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी तिथं कंपौंडर होतो. औषधं कालवणं, पट्ट्या बांधणं, सुया उकळणं, कागद उर्दूत भरणं, सगळं माझ्याकडे. या अंकाच्या संपादकांनी 'जुन्या दवाखान्यातल्या गमतीजमती लिहून द्या' असं कळवलं. गमती होत्या, एक-दोन सांगतो. पण मी लिहायला बसलो तो त्यासाठी नाही. आता ऐंशी उलटली. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा औरंगाबादला असतो, आणि घरात दिवसभर माझ्याशी बोलायला मीच. एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही. ती माहीत असलेलं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. माझ्याबरोबर ती गेली, तर एका भल्या माणसाच्या नावावरचा डाग तसाच राहील.

आधी कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे. उंच, शेलाटे, बोलायला हळू. बायको बाळंतपणात वारली होती, पुन्हा लग्न केलं नव्हतं. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत एकटे राहत, एकटे जेवत. त्यांचा एक नियम होता. नाकात किंवा दातात हत्यार घालायचं असेल तर आधी रक्ताची परीक्षा. ती त्यांनी मला शिकवली. परीक्षा दोन भागांची. पहिल्या भागात बोटाला बारीक सुई टोचायची, घड्याळ लावायचं, आणि दर अर्ध्या मिनिटाला टीपकागद नुसता रक्ताला टेकवायचा, पुसायचं नाही. कागदावर एकापुढे एक ठिपके उमटतात. पहिला ज्वारीच्या दाण्याएवढा, पुढचा त्याहून लहान, असं होत होत कागद कोरा राहतो. निरोगी माणसाचं तीन-साडेतीन मिनिटांत थांबतं. दुसऱ्या भागात केसासारख्या बारीक काचेच्या नळीत रक्त घ्यायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला नळीचा एक तुकडा मोडून बघायचा. रक्त गोठलं की दोन तुकड्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा तंतू ताणला जातो. तो दिसला की वेळ लिहायची.

नळ्या मीच करत असे. औषधाच्या फुटक्या काचनळ्या स्पिरिटच्या दिव्यावर लाल करायच्या आणि दोन्ही हातांनी झटक्यात ओढायच्या. त्यात माझा हात चांगला बसला होता. घड्याळ डॉक्टरसाहेबांचं, खिशातलं, सेकंदाचा वेगळा काटा असलेलं. परीक्षेपुरतं ते माझ्या हातात देत आणि म्हणत, "दिगंबर, ये घडी तुम्हारे पास, मरीज मेरे पास."

लोकांना मात्र ही परीक्षा पटत नसे. झरीचे एक म्हातारे शेतकरी आले होते. नाकात तपकीर कोंबलेली, वर कांद्याची फोड, सदरा पुढून सगळा लाल. मी सुई घेतल्याबरोबर त्यांनी हात पाठीमागे नेला.

"रगत वाहायलंय म्हणून आलो, अन् तुमी अजून काढायलाव व्हय?"

"एक थेंबच लागतो, काका."

"नाकातून तांब्याभर सांडलंय की. त्यातलं घ्या लागंल तेवढं."

"नाकातलं चालत नाही."

"का? ते काय दुसऱ्याचं हाय?"

डॉक्टरसाहेब आतून ऐकत होते. इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. शेवटी म्हाताऱ्यानं बोट दिलं, पण तोंड फिरवून. कागदावरचे ठिपके दाखवले तर म्हणाले, "ह्यात माझं वय बी दिसतंय का?" पुढे कापसाच्या दिवसांत सेलूच्या बाजाराला गाडी घेऊन जाताना ते मुद्दाम वाट वाकडी करून यायचे आणि मला ओल्या हरभऱ्याची पेंढी देऊन जायचे.

सेलूच्या जिनिंगमधले कामगारही यायचे. कापसाच्या तुसानं नाकाची आतली कातडी सुकते, खपली धरते, खपली ओढली की रक्त. सगळ्यांची परीक्षा मी केली. तीन मिनिटं, साडेतीन मिनिटं, नळीत चार, नळीत साडेचार. वर्षानुवर्षं तेच आकडे. एकही माणूस मला असा भेटला नाही की ज्याचं रक्त थांबायचं राहिलं. ज्या परीक्षेचं उत्तर नेहमी एकच येतं, ती करणाऱ्याचं मन हळूहळू तिच्यातून उठून जातं. हात चालू राहतात. हे मी सबब म्हणून सांगत नाही. झालं कसं, ते कळावं म्हणून सांगतो.

निजामी संपायला दोनेक वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. उन्हाळाच होता. सकाळी आठच्या सुमारास दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली, बैलांची एक दमणी येऊन उभी राहिली. दोन्ही बाजूंनी पडदे लावलेले. चारठाण्याच्या बाजूच्या एका देशमुख घराण्यातली धाकटी सून आणली होती. त्या घरी गोषा पाळत. बरोबर सासूबाई, घोड्यावर एक कारभारी, आणि सुनेची सोबतीण म्हणून गया नावाची कामाची बाई. दोन महिने सुनेच्या नाकातून रक्त जात होतं, तिनं अंथरूणच धरलं होतं. डॉक्टरसाहेबांनी खाली उभं राहून पडद्याआडून विचारलं, "पहले कभी ऐसा हुआ? दाँत से, चोट से, कभी ज्यादा खून गया?" मी मराठीत सांगितलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "काही नाही. चांगल्या घरची पोर आहे."

डॉक्टरसाहेबांनी माझ्या हातात घड्याळ दिलं आणि आत गेले.

मी सुई, कागद, नळ्या घेऊन दमणीच्या मागच्या बाजूला उभा राहिलो. म्हटलं, "वैनीसाहेब, बोट पुढं करा. मुंगी चावल्यागत होईल." आत कुजबुज झाली. बांगड्या वाजल्या. मग पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला.

तो हात आजही मला दिसतो. रापलेला, बोटांच्या पेरांना भेगा, तळव्याला घट्टे. मनगटाच्या आतल्या अंगाला गोंदलेली तुळस आणि तिच्या खाली तीन टिकल्या. दोन महिने अंथरुणावर असलेल्या देशमुखांच्या सुनेचा असा हात नसतो, हे कळायला कंपौंडर असावं लागत नाही. मला कळलं. नीट कळलं. पण मागं ओसरीवर पंचवीस माणसं बसली होती, ऊन चढत होतं, कारभारी चार हातांवर उभा राहून माझ्याकडे बघत होता. 'हा हात कुणाचा' असं त्या पडद्याला विचारणं म्हणजे त्या घराची अब्रू काढण्यासारखं झालं असतं. मी मनाशी म्हटलं, असेल, काम करणारी सून असेल. आणि टोचलं.

सहा ठिपके उमटले. सातव्या वेळी कागद कोरा. नळीतला तंतू चार मिनिटांना दिसला. मी कागदावर वेळ लिहिली आणि टीपकागदाची पट्टी टाचणीनं लावून दिली. कागदावर तिचं नाव नव्हतं. 'जौजे' अमुक, म्हणजे अमक्याची बायको, एवढंच लिहायची रीत होती.

डॉक्टरसाहेबांनी पट्टी बघितली आणि मान हलवली. मग सासूबाई सुनेला धरून आत घेऊन आल्या. चेहऱ्यावर धुवट फडकं, त्याला नाकापुरतं भोक. नाकात मांसाचा एक कोंब वाढला होता, तोच रक्ताला कारण असावा असं डॉक्टरसाहेबांना वाटलं. तारेचा फास घालून तो काढायचा होता. लहान काम. त्यांनी अशी पुष्कळ केली होती.

मी तबक धरून उभा होतो. तिनं सासूचा पदर गच्च धरला होता. तेव्हा मला तिचा हात दिसला. गोरा, सुकलेला, बोटं काड्यांसारखी. मनगट कोरं. त्यावर गोंदण नव्हतं.

तेव्हा बोलायला वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं. 'साहेब, परीक्षा परत करतो.' एवढंच. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. सकाळी मला दिसलं होतं आणि मी गप्प राहिलो, हे त्यांच्यासमोर उघडं झालं असतं. माझ्या कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात त्यांच्या सहीनं वर जायचा होता. आणि मनात ते नेहमीचे आकडे होते. सगळ्यांचंच तीन मिनिटांत थांबतं, हिचंही थांबेल. डॉक्टरसाहेबांनी हात पुढे केला आणि मी फास त्यांच्या हातात दिला.

बारा वाजेपर्यंत नाकातली पट्टी भिजली. त्यांनी दुसरी भरली, औषधात बुडवून. सुई दिली. तीही भिजली. दुपारी तीन वाजता ते माझ्याजवळ आले. सेलूला मोटारीनं नेलं असतं तर परभणीची संध्याकाळची गाडी मिळत होती. परभणीला मोठा दवाखाना होता. त्यांनी कागद हातात घेतला, ती पट्टी उन्हात धरून बघितली.

"खून तो जमना चाहिए इसका. चार मिनट था ना, दिगंबर?"

"जी, साहेब."

"फिर रुकेगा. हिलाए तो और बहेगा. थोडा सबर करते हैं."

त्यांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला आणि गाडी जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीनं तिला सेलूला नेलं. मीही बरोबर होतो. स्टेशनात गाडीची वाट बघताना, बाकावर, सासूच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली. गया तिच्या पायांशी बसली होती. ती रडली नाही. तिनं फक्त पायांवरचं लुगडं नीट केलं.

मोठ्या घरानं तक्रार केली. चौकशीला वरचे एक डॉक्टर आले. त्यांनी माझा कागद काढला आणि पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "ये खून मरीज का ही है?"

डॉक्टरसाहेब समोर खुर्चीवर बसले होते. पाहुण्यासारखे, टोपी मांडीवर घेऊन.

मी म्हणालो, "जी, हुजूर."

निकाल तिथंच झाला. रक्तात दोष नाही, मग दोष हाताचा. माझे सहा ठिपके त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाले. मी खरं बोललो असतो तर गयाचं काय झालं असतं, तिला त्या घरानं जगू दिलं असतं का, असं पुढं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. त्यात थोडं खरंही आहे. पण चौकशीच्या खोलीत मला गया आठवली नव्हती. नोकरी आठवली होती.

त्या दिवसांत हवा बिघडलेली होती. लोक एकमेकांची नावं विचारून मग बोलायला लागले होते, आणि आमच्या साहेबांचं नाव मुसलमानी होतं. हॉटेलात चहा पिताना मी कानांनी ऐकलं, "त्यानं मुद्दामच केलं म्हनायलेत." बोलणारा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी तर तिथंच व्हता की, कंपौंडर. खरं का?" मी चहा अर्धा टाकून उठलो. 'नाही' एवढा शब्द मला तिथं म्हणता आला असता. त्यासाठी गयाचं नाव घ्यायची गरज नव्हती, नोकरीलाही धक्का नव्हता. तरी म्हणालो नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

ओसरीवरची गर्दी संपली. बदलीचा हुकूम यायला महिना लागला. तो महिना आम्ही दोघं त्या रिकाम्या दवाखान्यात बसून काढला. मी नळ्या ओढत बसायचो. लागणार नव्हत्या, तरी ओढायचो. ते खिडकीशी बसून पुस्तकं चाळायचे, नाक आणि रक्त याबद्दलची पानं पुन्हा पुन्हा वाचायचे. एकदा म्हणाले, "किताब में लिखा है, किसी किसी का खून ही ऐसा होता है. मगर वो तो टेस्ट में दिख जाता." आणि पान उलटलं. माझ्यापासून ते तीन हातांवर बसले होते. इतका एकटा मी त्यानंतर बायको गेली तेव्हाही झालो नाही.

आदिलाबादकडच्या जंगलातल्या एका दवाखान्यात त्यांना पाठवलं. निघताना सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. टांग्यात बसले, मग मला जवळ बोलावलं. खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं. मला वाटलं, देतायत की काय. दिलं नाही. नुसतं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "दिगंबर, बुरा नक्को मानना. एक बात पूछता हूँ. टाइम बराबर देखे थे ना?"

मी म्हणालो, "हौ साहेब, बराबर देखा था."

हे खरं होतं. माझ्या आयुष्यात मी बोललेलं याहून मोठं खोटं नाही.

"मैं भी वहीच बोला," ते म्हणाले. "तुम गलती नहीं करते. मेरा हाथ ही चूका." टांगा गेला. पुढे ऐकलं की तिकडे त्यांनी हत्यार हातात धरलंच नाही. साधं गळूही फोडायला दुसऱ्याकडे पाठवत. मिक्श्चरं लिहून देत राहिले आणि तिथंच वारले. निजामी गेली, कागद मराठीत आले, मी कायम झालो, वर चढलो. निवृत्त झालो तेव्हा भाषणात एकानं म्हटलं की यांच्या परीक्षेत कधी अर्ध्या मिनिटाची चूक झाली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता गयाचं. निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. दुपारची वेळ, ओसरीवर एक बाई बोटाला चिंधी गुंडाळून आली. नखुर्डं झालं होतं. चिंधी सोडली आणि मला मनगटावरची तुळस दिसली. खाली तीन टिकल्या. मी मान वर केली नाही.

"वळखलं न्हाई का, कंपौंडरसायेब? ह्येच बोट तुमी टोचलं व्हतं. दमणीत."

मी म्हणालो, "आठवतं."

ती इकडेतिकडे बघून जवळ सरकली. "कुनाला सांगू नका. सासूबाईला बी पसंत व्हतं, पर बोट मीच म्होरं केलं. वेणूवैनीला सुई लागली की दिसभर थांबत नव्हतं वो. चोळी शिवताना एकदा टोचली, तर रातपत्तर पदर भिजायलाय. दात पडला तवा तर दोन दिस. म्हनलं, आदीच सुकून गेलीय, तिचं नका काढू, माझं घ्या. माझं काय, लय हाय."

त्या बाईचं नाव वेणू होतं, हे मला तेव्हा कळलं.

जे शोधायला मी सुई घेऊन उभा होतो, ते गयाला आधीच माहीत होतं. आणि माहीत होतं म्हणूनच तिनं वेणूला माझ्या सुईपासून वाचवलं होतं. पडद्याच्या अलीकडे मी होतो, पलीकडे ती होती. मी एकदा विचारलं असतं, 'हात कुणाचा', तर तिनं हेच सगळं तिथल्या तिथं सांगितलं असतं. आणि डॉक्टरसाहेबांनी फास हातात घेतलाच नसता.

मी नखुर्डं कापलं, पू काढला. रक्त आलं. सवयीनं माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. तीन मिनिटांत थांबलं.

"लय माया व्हती तिची माझ्यावर," गया म्हणाली. "मला तिच्यासाटी दुसरं काय करता आलं न्हाई. तेवढं एक बोट तिच्या कामाला आलं." मग तिनं विचारलं, "त्यानं काय वंगाळ तर झालं नसंल ना?"

मी पट्टीला गाठ मारत होतो. गाठ पुरी केली आणि म्हणालो, "नाही गयाबाई. काही नाही. चांगलं केलंस."

या खोट्याचं मला वाईट वाटत नाही. बाकीच्यांचं वाटतं. गया आता नाही. त्या घराण्यातले जुने कुणी उरले नाहीत. डॉक्टरसाहेबांना मूल नव्हतं, पण हैदराबादला भावाची मुलं होती. ती किंवा त्यांची मुलं कधी मराठी वाचणाऱ्या कुणाला भेटली तर त्यांना एवढं सांगावं. तुमच्या चुलत्यांचा हात चुकला नव्हता. कागदावरचे ते सहा ठिपके वेणूबाईंचे नव्हते, आणि ते लावणाऱ्याला हे ठाऊक होतं.

टांग्याजवळच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी अर्धंच दिलं होतं. उरलेलं इथं देतो. टाइम बराबर देखा था, साहेब. हाथ भी देखा था.